नानाभाई मूस

मुंबईच्या दक्षिण टोकाशी, कुलाब्याला, ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली एक वेधशाळा उभारली. बंदरातील जहाजांना अचूक वेळ कळावी, हा तिचा एक प्रमुख हेतू होता. पुढे १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचेही मापन होऊ लागले. टांगलेला चुंबक जागेवरून किती ढळला, हे निरीक्षक डोळ्यांनी पाहून वहीत टिपून ठेवीत. काम मोठे कंटाळवाणे. पण त्यात खंड पडू देऊन चालत नसे.

१८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावरील स्फोटामुळे पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ उठले. युरोप-अमेरिकेतील तारायंत्रे विस्कळीत झाली. कुलाब्याच्या निरीक्षकांनी मात्र टिपण थांबविले नाही. त्याच वर्षी एका पारशी कुटुंबात नानाभाई आर्देशर फ्रामजी मूस यांचा जन्म झाला. एडिंबरो येथे शास्त्राचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १८९६ मध्ये या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

थोड्याच वर्षांत त्यांच्यापुढे संकट उभे राहिले. शहरातील घोड्यांच्या ट्रामगाड्या आता विजेवर चालावयाच्या होत्या. रुळांतून जमिनीत पाझरणारा विजेचा प्रवाह स्वतःचे चुंबकत्व निर्माण करतो; मग चुंबक हलला तो सूर्यामुळे की ट्राममुळे, हे कसे ओळखावे? ट्राम शहराला हवी होती. ती अडविण्यापेक्षा नानाभाईंनी वेधशाळाच हलविण्याचे ठरविले. त्यांनी समुद्रापलीकडचे अलिबाग निवडले आणि तेथे लोखंड वर्ज्य करून पोरबंदरी दगडाची इमारत बांधून घेतली.

परंतु जागा बदलली की मापही बदलते. तेव्हा १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालू ठेवण्यात आली. दोन्हींतील फरक कळल्यामुळे जुन्या नोंदी नव्या नोंदींशी जोडता आल्या. मगच कुलाब्याची चुंबकीय मापने थांबली. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. १९६४ मध्ये ती बंदही झाली. अलिबागची वेधशाळा मात्र अद्याप चालू आहे.

साठ वर्षांच्या या नोंदी नानाभाईंनी तपासून १९१० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केल्या. वादळात पृथ्वीचे क्षितिजसमांतर चुंबकीय बल झपाट्याने उतरते व मग सावकाश सावरते, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज विमाने व जहाजे उपग्रहांच्या संदेशांवरून आपले स्थान ठरवितात. चुंबकीय वादळात वातावरणाच्या वरच्या विद्युत्भारित थरांत खळबळ माजते आणि ते संदेश डळमळतात. सूर्याकडून येणारे भारित कण पृथ्वीच्या चुंबकीय रेषांवरून ध्रुवांकडे वळत असल्याने तेथे हा उपद्रव विशेष जाणवतो. अशा वादळाचा अंदाज बांधणाऱ्यांना ते किती मोठे होऊ शकेल, हे ठाऊक असावे लागते. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी १८५९ च्या वादळाची तीव्रता अजमावली, तेव्हा कुलाब्याच्या जुन्या वहीतील आकडेच त्यांच्या कामी आले.