सरकारनियुक्त, पण सरकारचे नव्हेत : सर आशुतोष मुखर्जी

विद्यापीठाच्या सिनेटवर कोणाला नेमायचे आणि ते कोणी नेमायचे, हा वाद नवा नाही. शतकापूर्वी कोलकात्यात हाच प्रश्न ऐरणीवर आला होता आणि त्याच्या केंद्रस्थानी होते सर आशुतोष मुखर्जी. सरकारने नेमलेला माणूस सरकारचेच ऐकणार, हा समज त्यांनी आपल्या कारकिर्दीने खोटा ठरविला.

२९ जून १८६४ रोजी कोलकात्यात जन्मलेल्या आशुतोषांचा ओढा गणिताकडे होता. १८८५ मध्ये गणितात एम.ए. झाल्यावर पुढच्याच वर्षी त्यांनी प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती पटकाविली. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून उभा राहिला, त्याच मुंबईकर व्यापाऱ्याच्या औदार्यातून कोलकात्याची ही शिष्यवृत्ती सुरू झाली होती. १८८९ मध्ये, ऐन पंचविशीत, आशुतोष विद्यापीठाच्या सिनेटवर आले.

त्या काळी सिनेटचे सदस्यत्व तहहयात असे आणि सदस्यसंख्येला मर्यादा नव्हती. लॉर्ड कर्झन यांच्या १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने हे चित्र पालटले. सदस्यसंख्या ५० ते १०० आणि मुदत पाच वर्षे ठरली. मात्र कोलकाता, मुंबई व मद्रास या विद्यापीठांत निवडून येणाऱ्यांसाठी अवघ्या २० जागा ठेवून बहुतांश नेमणुका कुलपतींच्या हाती देण्यात आल्या. सुधारणेच्या नावाखाली विद्यापीठे सरकारी खाते बनतील, या भीतीने गोपाळ कृष्ण गोखले यांनी कौन्सिलात या विधेयकाला कडाडून विरोध केला. तो निष्फळ ठरला.

त्याच वर्षी आशुतोष उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि १९०६ मध्ये कोलकाता विद्यापीठाचे कुलगुरू. ही नेमणूकही सरकारचीच. सलग चार वेळा, १९१४ पर्यंत, ती त्यांच्याकडे राहिली. सरकारच्या सोयीसाठी घडविलेल्या यंत्रणेतूनच त्यांनी निव्वळ परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाला अध्यापन आणि संशोधनाचे केंद्र बनविले. देणगीदारांच्या बळावर विज्ञान महाविद्यालय उभे राहिले. गुणी माणसे हेरताना प्रांताची सीमा त्यांनी मानली नाही. दक्षिणेतून चंद्रशेखर वेंकट रामन आणि सर्वपल्ली राधाकृष्णन आले, तर महाराष्ट्रातून रामकृष्ण भांडारकरांचे पुत्र देवदत्त भांडारकर प्राचीन भारतीय इतिहासाच्या अध्यासनावर आले.

त्यांच्यावर टीकाही झाली. विद्यापीठात एकाच व्यक्तीचा शब्द चालतो, खर्चाला धरबंध नाही, असे आक्षेप घेतले गेले. शिवचरित्रकार म्हणून आपल्याला परिचित असलेले इतिहासकार जदुनाथ सरकार हे त्यांच्या कठोर टीकाकारांपैकी एक होते. या आक्षेपांत तथ्य नव्हतेच, असे म्हणता येणार नाही.

खरी कसोटी लागली ती दुसऱ्या कारकिर्दीत. १९२१ मध्ये ते पुन्हा कुलगुरू झाले, तेव्हा विद्यापीठाची तिजोरी रिकामी होती. १९२२ मध्ये बंगाल सरकारने अडीच लाख रुपयांचे अनुदान देऊ केले, मात्र अटींसह. प्राध्यापकांचे पगार थकले असतानाही आशुतोषांच्या आग्रहाने सिनेटने ते नाकारले. पुढच्या वर्षी गव्हर्नर आणि कुलपती लॉर्ड लिटन यांनी त्यांना पुनर्नियुक्ती देऊ केली. सरकारच्या विद्यापीठविषयक धोरणाला विरोध करू नये, ही त्यामागची अपेक्षा होती. आशुतोषांनी ते पद स्पष्ट शब्दांत नाकारले. २५ मे १९२४ रोजी पाटणा येथे त्यांचे निधन झाले. बंगालचा वाघ ही त्यांची ओळख आजही कायम आहे.

महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या अधिसभेवरही निवडून आलेल्या सदस्यांबरोबर कुलपतींनी नेमलेले सदस्य बसतात. कायदा फक्त खुर्ची कोणी द्यायची, एवढेच ठरवितो. तिच्यावर बसून कोणाचे हित पाहायचे, हे बसणाऱ्यालाच ठरवावे लागते. गरज पडल्यास ती खुर्ची नाकारताही येते, हे आशुतोषांनी दाखवून दिले.