तंजावरच्या राजपुत्राचे पाद्री गुरू

आज व्यासपौर्णिमा. घरोघरी पाटावर ग्रंथ मांडून त्यांवर गंधाक्षता वाहिल्या जातील, मठामंदिरांतून पादुकांवर अभिषेक होतील. या दिवशी ज्यांचे चरित्र सांगावे असे सत्पुरुष आपल्याकडे उणे नाहीत, आणि गेली कित्येक वर्षे आम्ही तेच करीत आलो आहोत. यंदा मात्र वाचकांना जरा दूर, कावेरीच्या मुलखात नेण्याचे आम्ही योजिले आहे. भोसले कुळातील एका शिवभक्त राजाने तेथे आपल्या गुरूचे स्मरण संगमरवरात कोरवून ठेविले आहे. आणि ते गुरू ल्यूथरपंथीय ख्रिस्ती पाद्री होते. त्यांचे नाव ख्रिश्चियन फ्रेडरिक श्वार्ट्झ. हे वाचून एखाद्या भाविकाच्या कपाळाला आठी पडेल, हे आम्ही जाणतो. प्रथम ऐकिले तेव्हा आमच्याही पडली होती.

तंजावरचे नाव कीर्तनकाराला परके नाही. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे राज्य स्थापिले. त्यांच्यामागून मराठी भाषा गेली, समर्थ संप्रदायाचे मठ गेले आणि आमचे कीर्तनही गेले. तमिळ देशीच्या हरिकथेत आजही साकी, दिंडी, ओवी ऐकू येते, ती तंजावरच्या मराठी दरबाराची देणगी होय. कित्येक वर्षांपूर्वी एका उत्सवानिमित्त आम्ही तिकडे गेलो असता बृहदीश्वराचे दर्शन घेऊन निघालो, तो जवळच्या शिवगंगा तलावाकाठी एक जुने चर्च दिसले. आम्ही बाहेरूनच पुढे जाणार, इतक्यात सोबतच्या तंजावरी मराठी गृहस्थांनी आम्हांस हाताला धरून आत नेले. आत पाहिले त्याविषयी शेवटी सांगू.

श्वार्ट्झ यांचा जन्म १७२६ साली ब्रांडेनबुर्ग प्रांतातील सोनेनबुर्ग या लहान गावी झाला. ते गाव आज पोलंड देशात मोडते. आई लहानपणीच वारली, आणि जाताना हे मूल आपण देवाला वाहिले असल्याचे सांगून गेली. हाले येथील विद्यापीठात शिकत असता त्यांची गाठ शुल्ट्झे नावाच्या वृद्ध धर्मोपदेशकाशी पडली. हे गृहस्थ हिंदुस्थानात राहून परतलेले होते व तमिळ बायबलाच्या छपाईच्या खटाटोपात होते. त्यांच्याकडे श्वार्ट्झ यांनी तमिळ भाषेचा श्रीगणेशा केला.

ल्यूथरपंथ म्हणजे काय, हे येथे दोन शब्दांत सांगितले पाहिजे. सोळाव्या शतकात जर्मनीतील मार्टिन ल्यूथर यांनी रोमच्या पोपची सत्ता अमान्य केली आणि बायबल लोकांच्या बोलीत आणिले. शास्त्र सामान्य जनांना त्यांच्याच भाषेत कळावे, हा त्या पंथाचा मोठा आग्रह. देवभाषेतील गीतार्थ प्राकृतात आणणाऱ्या माउलींच्या भूमीत हा आग्रह समजावून सांगण्याचे कारण नाही. म्हणूनच १७०६ साली झीगेनबाल्ग व प्लुट्शाउ हे दोन ल्यूथरपंथीय पाद्री डेन्मार्कच्या राजाच्या आश्रयाने तरंगंबाडी बंदरात उतरले, तेव्हा त्यांनी आधी तमिळ पाटी हाती घेतली. १७३३ साली त्या चर्चने आरोन नावाच्या तमिळ गृहस्थाला पाद्रीपदाची दीक्षा दिली.

त्याच तरंगंबाडीत श्वार्ट्झ १७५० साली उतरले. वयाची पंचविशीही गाठली नव्हती. काही महिन्यांतच ते तमिळमध्ये प्रवचन करू लागले, आणि मग त्यांनी आपल्या पुराणकथांचे तमिळ ग्रंथ वाचावयास घेतले. ज्याचे खंडन करावयाचे ते आधी समजून घ्यावे, ही पूर्वपक्षाची शिस्त शास्त्री मंडळींना परिचित आहे. सर्वांनाच ती पाळता येते असे नाही. पुढे त्यांनी फारसी, हिंदुस्थानी आणि तंजावर दरबाराची मराठी, याही भाषा आत्मसात केल्या.

१७६२ पासून तिरुचिरापल्ली हे त्यांचे ठाणे झाले. तेथील इंग्रज फौजेला उपदेश करण्याबद्दल कंपनी सरकार त्यांना वर्षाला शंभर पौंड देई. तो पैसा शाळा आणि उपदेशकांवर खर्च होई. त्यांनी विवाह केला नाही. खाट मावेल एवढीच खोली, भात व भाजी हे अन्न, अंगावर साधा काळसर झगा. वैराग्य म्हणजे भगवे वस्त्रच, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

तंजावरचे तुळजाराजे यांची व त्यांची भेट १७६९ मध्ये झाली. दुभाषी फारसीत बोलू लागला, तो पाद्री सरळ तमिळमध्ये बोलले, आणि राजा चकित झाला. १७७८ पासून श्वार्ट्झ तंजावरातच राहिले. ते एकटे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. त्यांच्याभोवती कार्यकर्त्यांचा एक गोतावळाच होता. तरंगंबाडीच्या एका पाद्र्याचा पुत्र योहान कास्पर कोलहॉफ यास त्यांनी मुलासारखे वाढविले. १७८७ साली त्याला दीक्षा मिळाली, आणि १८४४ मध्ये देह ठेवीपर्यंत तो तंजावरच्या चर्चची सेवा करीत राहिला. सत्यनाथन हे तमिळ उपदेशक. त्यांना १७९० साली पाद्रीपद देऊन तिरुनेलवेलीकडे पाठविण्यात आले. त्याच भागात पाळयंकोट्टै येथे तंजावरकडील एक मराठी ब्राह्मण विधवा राहत असे. एका इंग्रज अधिकाऱ्याच्या घरी ती विवाहाविना राहत होती, म्हणून श्वार्ट्झ यांनी तिला बाप्तिस्मा नाकारिला. तो अधिकारी वारल्यावर १७७८ मध्ये त्यांनी तो दिला, आणि क्लोरिंडा या नावाने तिने पुढे तेथे चर्च बांधविले. आपल्या समाजात त्या काळी विधवेला कोणते दार उघडे होते, हा प्रश्न येथे आमच्या मनात येतो, आणि त्याचे उत्तर देताना आमची मान वर राहत नाही.

कीर्तनकार म्हणून आम्हांस त्या मंडळीत सर्वांत जवळचे वाटतात ते वेदनायक शास्त्री. १७७४ साली जन्मलेल्या या बुद्धिमान मुलाला श्वार्ट्झ तिरुनेलवेलीकडून तंजावरास घेऊन आले. तो तेथील शाळेचा मुख्य झाला, तमिळ कवी म्हणून गाजला, आणि आख्यान व गायन मिळून कथा लावण्याची दक्षिणी रीत त्याने येशूच्या चरित्राला लाविली. त्यांचे बेथलेहेम कुरवंजी हे काव्य तिकडे प्रसिद्ध आहे. एक न्यून मात्र झाकता येत नाही. त्या चर्चमध्येही जातवार निराळे बसण्याची चाल होती, आणि श्वार्ट्झ यांनी ती मोडून काढिली नाही.

१७७९ मध्ये कंपनी सरकारला हैदरअलीकडे वकील पाठवावयाचा होता. श्वार्ट्झ श्रीरंगपट्टणास गेले, कारण इंग्रजांच्या माणसांत हैदरचा विश्वास या एका पाद्र्यावर होता. हैदरने वाटखर्चास तीनशे रुपये दिले. ते त्यांनी कंपनीपुढे ठेविले. कंपनीने घेतले नाहीत, तेव्हा त्यातून तंजावरात अनाथ मुलांच्या शाळेची सोय केली. युद्ध काही टळले नाही. हैदरच्या फौजा कर्नाटकात उतरल्या, गावे जळाली; पण या म्हाताऱ्या पाद्र्याला कोणी अडवू नये, अशी हैदरची आपल्या सैन्याला आज्ञा होती.

मग दुष्काळ आला. तंजावरच्या किल्ल्यात माणसे उपासमारीने मरू लागली. धान्य बाहेर गावोगाव होते, पण पूर्वी पैसे बुडालेले असल्याने रयत राजाला बैल देईना, धान्यही देईना. राजाच्या शब्दाला जेथे मोल उरले नव्हते, तेथे श्वार्ट्झ यांनी स्वतःच्या शब्दावर पैसे देण्याची हमी घेतली. एकदोन दिवसांत हजार बैल मिळाले. त्यांचे उपदेशक जीव धोक्यात घालून खेड्यांत गेले व धान्य घेऊन आले, आणि किल्ला वाचला. सगळ्यांचे पैसे चुकते झाले. पुढे जुलमाला कंटाळून परागंदा झालेली रयतही त्यांच्याच शब्दावर शेतांकडे परतली. अधिकार नसताना ज्याच्या शब्दावर लोक चालतात, त्याला आपण काय म्हणतो, हे वाचक जाणतातच.

आता मुख्य कथा. तुळजाराजांची मुलेबाळे निवर्तली होती व प्रकृती ढासळली होती. १७८७ च्या आरंभी त्यांनी भोसले कुळातील सरफोजी या नऊदहा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले, आणि श्वार्ट्झ यांना बोलावून मुलाचा हात त्यांच्या हाती दिला. हा आता आमचा नसून तुमचा, असा त्यांचा भाव होता. विचार करा. हिंदू राजा, एकुलता वारस, दरबारात शास्त्री, पुरोहित, आप्त सर्व असता त्याने विश्वास टाकिला तो परधर्मीय उपदेशकावर, ज्याने आपल्याला येशूचा धर्म सांगण्याची एकही संधी सोडिली नव्हती.

श्वार्ट्झ कचरले. राज्याचा कारभार पाहण्याचे आपल्याला बळ नाही, असे वाटून त्यांनी राजाचे सावत्र बंधू अमरसिंग यांच्याकडे मुलाचे पालकत्व सोपविण्याचा सल्ला दिला. आमच्या मते त्यांच्या आयुष्यातील मोठी चूक ती हीच. राजा वारला, आणि दत्तविधानाचीच चौकशी निघाली. मुलगा आपल्या बापाचा एकुलता एक, वय अधिक, राजाची बुद्धी रोगाने दुर्बल, अशा कारणांस्तव पंडितांनी दत्तक अवैध ठरविले व अमरसिंग गादीवर बसले. येथे शास्त्राचा थोडा निर्देश करणे आम्हांस प्राप्त आहे. एकुलता पुत्र दत्तक देऊ नये, हे वसिष्ठांचे वचन खरेच. पण तो निषेध विधान रद्द करतो की देणाऱ्याला केवळ दोष लावतो, हा जुना वाद आहे. वयाविषयी तर आपल्याकडील व्यवहारमयूखकारांचे मत पुष्कळच उदार आहे. पुढे १८९९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनेही एकुलत्या पुत्राचे दत्तविधान ग्राह्य धरिले. तंजावरच्या त्या निर्णयात शास्त्र किती आणि दरबारी वजन किती, असा संशय श्वार्ट्झ यांनाही पुढे आला.

मुलाचे हाल सुरू झाले. त्याला कोंडून ठेविले, शिक्षण बंद पडले. ज्याच्या हाती आपण त्याला दिले तोच हे करीत आहे, हे पाहून त्या वृद्धाचे मन काय झाले असेल! त्यांनी मद्रासेस पत्रामागून पत्र धाडिले, मुलाभोवती पहारा आणविला, आणि १७९३ मध्ये सरफोजी व तुळजाराजांच्या दोन राण्या यांना मद्रासेस हलविले. तेथे गेरिके नावाच्या त्यांच्याच पंथबंधूने मुलाचा अभ्यास घेतला. इकडे श्वार्ट्झ यांनी दत्तकाचा प्रश्न पुन्हा उघडविला. दुसऱ्या पंडितांची मते मागविण्यात आली, कागद कलकत्त्यास व विलायतेस गेले. पाद्र्याने हिंदू मुलाचा हक्क हिंदू धर्मशास्त्राच्याच आधारे सिद्ध व्हावा म्हणून आयुष्याची शेवटची वर्षे वेचिली.

आणि या सर्व काळात तो मुलगा त्यांच्या हाती होता. आईबाप दूर, राज्य गेलेले, जीव पाद्र्यांनी वाचविलेला. अशा मुलाला बाप्तिस्मा देणे कितीसे अवघड होते? तो ख्रिस्ती व्हावा अशी श्वार्ट्झ यांची इच्छा नव्हती, असे म्हणणे खोटे होईल. इच्छा होती, ती त्यांनी लपविली नाही, बोलूनही दाखविली. पण ज्याच्या विश्वासाने मूल हाती आले, त्याच्या पाठीमागे मुलाच्या असहायतेचा लाभ त्यांनी घेतला नाही. सरफोजी भोसले शिवभक्त म्हणून वाढले व शिवभक्त म्हणूनच राहिले.

१७९८ च्या आरंभी श्वार्ट्झ पायाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले. सरफोजी त्यांना भेटून गेले. १३ फेब्रुवारीला त्यांनी देह ठेविला. शवपेटी बंद होण्यापूर्वी राजपुत्र आला, रडला, आणि त्याने त्यांवर जरीचे वस्त्र घातले. सरफोजी गादीवर बसले ते २९ जूनला. साडेचार महिन्यांचे अंतर पडले. पुढल्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला, राजांकडे किल्ला आणि विद्या राहिली. त्या विद्येचे त्यांनी काय केले, हे सरस्वती महाल ग्रंथालय पाहणाऱ्यास सांगावे लागत नाही. देवनागरी खिळ्यांचा छापखाना त्यांनी काढिला, त्यातून मराठी पुस्तके निघाली. पुढे काशीयात्रा केली. १८३२ मध्ये ते कैलासवासी झाले.

चर्चमध्ये आम्ही पाहिले ते हे. फ्लॅक्समन या नामांकित इंग्रज शिल्पकाराकडून सरफोजीराजांनी करवून घेतलेला संगमरवरी पट. मृत्युशय्येवर वृद्ध पाद्री, मागे त्यांचे धर्मबांधव, जवळ शाळेची मुले, आणि पागोटे घातलेला राजा त्यांचा हात हातात धरून उभा. समाधीशिळेसाठी राजाने स्वतः इंग्रजीत पद्यही रचिले. बाहेर पडून आम्ही पुन्हा बृहदीश्वराच्या आवारात गेलो. त्याच राजाने १८०३ मध्ये तेथील भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले आहे. सकाळी घाईत ते आम्ही नीट पाहिले नव्हते. दिवेलागणीपर्यंत तेथे उभे राहून, बोट फिरवीत, जमेल तेवढे वाचले.