मेजर कँडी आणि मराठीतील स्वल्पविराम

स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम ही चिन्हे भाषेबरोबरच जन्माला आली असावीत, असा विद्यार्थ्यांचा समज असतो. वस्तुतः ती मराठीत रूढ होऊन दोनशे वर्षेही झालेली नाहीत. आणि ती रुजविण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते ते मेजर थॉमस कँडी जन्माने मराठी नव्हते.

कँडी यांचा जन्म १३ डिसेंबर १८०४ रोजी इंग्लंडमध्ये झाला. ऑक्सफर्ड येथे शिक्षण घेऊन १८२२ साली ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात दाखल होण्यासाठी हिंदुस्थानात आले. पलटणीतील दुभाष्याच्या कामामुळे त्यांना देशी भाषांची गोडी लागली. जेम्स मोल्सवर्थ यांनी मराठी-इंग्रजी कोशाचे काम हाती घेतले, तेव्हा थॉमस आणि त्यांचे बंधू जॉर्ज हे दोघेही त्यांच्या मदतीस गेले. तो कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला. पुढे प्रकृती ढासळल्याने मोल्सवर्थ स्वदेशी परतले आणि इंग्रजी-मराठी कोशाचे अपुरे काम कँडी यांच्या शिरावर आले. ते त्यांनी १८४७ मध्ये तडीस नेले. दरम्यान १८३७ पासून पुण्याच्या संस्कृत पाठशाळेची देखरेखही त्यांच्याकडे होती. शास्त्रीमंडळींच्या सहवासात त्यांची मराठी अधिक मुरली असणार.

त्या काळचे मराठी लेखन कसे होते, हे आजच्या मुलांना सांगूनही खरे वाटत नाही. मोडीत शब्द एकमेकांना जोडून ओळ सलग लिहीत. पोथीत दंड असे, तोही मुख्यतः श्लोकाच्या चरणापाशी. वाचणारा अर्थाच्या आधाराने स्वतःच थांबे. पत्रात समोरच्या माणसाला हाक मारण्याची रीत नव्हतीच. अमुक ‘यांसी’ किंवा ‘बाबांस’ असे लिहून मजकुराला आरंभ होई. त्यामुळे संबोधन वेगळे दाखविण्याची फारशी अडचणही पडत नसे. छापील पुस्तके आली, शाळांतून मुले मूकवाचन करू लागली, आणि थांबण्याच्या जागा कागदावरच दाखविणे आवश्यक झाले. १८५० साली कँडी यांनी ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक लिहिले ते या गरजेतून. इंग्रजी लेखनातील चिन्हे मराठी वाक्याला कशी लावावीत, याची घडी त्यातून बसू लागली.

ज्याला हाक मारावयाची त्याचे नाव स्वल्पविरामाने वेगळे काढावे, हा संकेतही या चिन्हांबरोबरच मराठीत आला. आपल्या व्याकरणात संबोधन ही विभक्तीच आहे आणि तिला स्वतःची रूपे आहेत: रामा, सीते, मुली, मुलांनो. नावाचे रूपच बदलत असेल, तर चिन्ह कशाला, असा प्रश्न एखादा चौकस विद्यार्थी विचारतो आणि तो रास्त आहे. ‘मुलांनो इकडे या’ हे वाक्य चिन्हाविनाही कळते. परंतु ही रूपे बोलण्यातून झपाट्याने गळत चालली आहेत. पंढरपूरच्या देवाला आपण अजून ‘विठ्ठला’ अशीच हाक मारतो. शेजारच्या विठ्ठलला मात्र ‘विठ्ठल, जरा ये’ असे म्हणतो. प्रत्यय गेला, त्याचे काम स्वल्पविरामावर येऊन पडले.

‘आई बाबा आले’ हे तीन शब्द फळ्यावर लिहावेत. दोघेही घरी आले, की बाबा आल्याचे कोणी आईला सांगत आहे? ‘आले’ हे रूप आदरार्थीही आहे आणि अनेकवचनीही; क्रियापद काही मदत करीत नाही. ‘आई’ या शब्दापुढे स्वल्पविराम दिला की घरात कोण आहे आणि दारात कोण आहे, ते समजते. नाव वाक्याच्या मध्यभागी आले, तर मुले एकाच बाजूला चिन्ह देतात. ‘आता, मंगल तू वाच’ यात मंगलच्या पुढचाही स्वल्पविराम हवा. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या मुलांच्या कानांवर ‘सीते’, ‘मुली’ ही रूपे क्वचितच पडतात. म्हणून हा पाठ आपल्या शाळेत इतर मराठी शाळांपेक्षा अधिक सावकाश शिकवावा लागतो.

मोल्सवर्थांच्या कोशाची सुमारे साठ हजार शब्दांची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. तिच्या सिद्धतेतही कँडी यांचा मोठा वाटा होता. पुढे सरकारचे मराठी भाषांतरकार म्हणून शालेय पुस्तके तपासण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता आणि क्रमिक पुस्तकांची एक मालाही त्यांच्या नजरेखाली तयार झाली. त्यांच्या लेखणीने मराठी वाक्याला इंग्रजी वळण लावले, हा आक्षेप पुढे घेतला गेला. तो अगदी निराधार नाही. मूळच्या मराठी लेखकाने एका परक्या अधिकाऱ्याकडून आपले मराठी तपासून घ्यावे, ही गोष्ट स्वाभिमानी विद्वानांना बोचणारच होती. तरीही वाक्यरचना आणि विरामचिन्हे यांचा हिशेब निराळा मांडला पाहिजे. त्यांच्या वाक्यांना नाके मुरडणाऱ्या पिढीनेही आपले निबंध लिहिताना स्वल्पविराम टाकून दिला नाही.

पन्नासहून अधिक वर्षे या देशात घालवून २६ फेब्रुवारी १८७७ रोजी कँडी यांनी महाबळेश्वर येथे देह ठेवला. १८५७ चा कोश १९७५ साली पुण्यात पुन्हा छापला गेला. आपल्या ग्रंथालयातील प्रत त्याच पुनर्मुद्रणाची असून आठवीपासून पुढच्या मुलांना ती बसून पाहता येते.