चिंतामणराव देशमुख : कर्ज आणि स्वाभिमान

ऋण काढून सण करू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. त्यामुळे क्वीन्सटाउनमध्ये जुना फ्लॅट घेताना, गृहकर्जाच्या कागदांवर सही करायला माझा हात जरा अडखळलाच. आयटीतली कंत्राटी नोकरी, आणि हप्ता पंचवीस वर्षांचा!

पण मंडळी, हे क्वीन्सटाउनच मुळी कर्जावर उभं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सिंगापुरात घरांची भयंकर टंचाई होती. इथल्या ब्रिटिश वसाहतीच्या सरकारनं इम्प्रूव्हमेंट ट्रस्टला कर्जं दिली आणि १९५० च्या दशकात बांधकाम सुरू झालं. १९६० नंतर ते एचडीबीनं पुढे नेलं, तेही सरकारी कर्जावर. हे वाचताना आठवण झाली ती सी. डी. देशमुखांची.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावचा. १९१२ मध्ये मॅट्रिकला पहिले, शिवाय संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. पुढे केंब्रिज, आणि १९१८ मध्ये आयसीएसलाही पहिले. मध्य प्रांतात वीसेक वर्षं नोकरी करून ते रिझर्व्ह बँकेत आले आणि १९४३ मध्ये तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

काळ कठीण होता. इंग्लंड युद्धासाठी भारतातून माल उचलत होतं आणि त्याचे पैसे लंडनमध्ये पौंडांत नुसते जमा दाखवत होतं. त्या पौंडांच्या भरवशावर इथे नोटा छापल्या जात होत्या. महागाई भडकली. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसं उपासमारीनं गेली. युद्ध संपलं तेव्हा ही उधारी सुमारे १,७०० कोटी रुपयांवर पोचली होती. म्हणजे गुलाम देश सावकार आणि राज्यकर्ता ऋणको!

१९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्सला परिषद भरली. भारताच्या शिष्टमंडळाचा प्रमुख इंग्रज होता, पण देशमुख, षण्मुखम चेट्टी, ए. डी. श्रॉफ गप्प बसले नाहीत. आमच्या थकलेल्या पौंडांचं काय, हा प्रश्न त्यांनी भर सभेत आणला. इंग्लंडनं तो तिथे सुटू दिला नाही. दुसरा मुद्दा नव्या जागतिक बँकेचा. तिचा पैसा फक्त बेचिराख युरोपसाठी नको, गरीब देशांच्या उभारणीलाही हवा, असा भारत, मेक्सिको अशा देशांचा आग्रह होता. बँकेच्या नियमांत दोन्हींना स्थान मिळालं.

१९४७ मध्ये बँकेचं पहिलं कर्ज मिळालं फ्रान्सला. ऑगस्ट १९४९ मध्ये भारतीय रेल्वेला ३ कोटी ४० लाख डॉलर मिळाले. आशियातलं ते पहिलं. पाठोपाठ मध्य भारतातलं कांस गवत उपटणाऱ्या ट्रॅक्टरांसाठी १ कोटी. आणि १९६३ मध्ये आपल्या सिंगापूरच्या विजेसाठीही त्याच बँकेनं कर्ज दिलं.

देशमुख १९५० मध्ये अर्थमंत्री झाले. मुंबई महाराष्ट्राला नाकारली जातेय म्हटल्यावर १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. मेघदूताचा मराठी पद्यानुवाद करणारा हा माणूस २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादला गेला.

कर्ज मागताना त्यांनी मान खाली घातली नाही, आणि आपलं येणंही विसरले नाहीत. सही मी केली. यंदाचा आकाशकंदील मात्र रोखीनं आणलाय!