धुराचा अभ्यास करणारे बेंजामिन फ्रँकलिन



बेंजामिन फ्रँकलिन म्हटलं की मुलांना पतंग आणि वीज आठवते. पण घरातला धूर हाही त्यांच्या अभ्यासाचा विषय होता, हे फारसं सांगितलं जात नाही.

फ्रँकलिन यांचा जन्म 1706 साली अमेरिकेतील बोस्टन येथे झाला. वडील साबण व मेणबत्त्या बनवत. दहाव्या वर्षीच शाळा सुटली. बाराव्या वर्षी ते भावाच्या छापखान्यात काम शिकू लागले. पुढे फिलाडेल्फियात त्यांनी स्वतःचा छापखाना काढला.

तिथला हिवाळा फार कडक. भिंतीतल्या शेकोटीत लाकडं जळत, पण बरीच ऊब धुरांड्यातून निघून जाई. म्हणून 1740 च्या दशकात त्यांनी लोखंडी शेगडी तयार केली. जमिनीखालून आलेली बाहेरची हवा शेगडीतल्या पेटीत तापून खोलीत पसरे. पेटंट मिळत असूनही त्यांनी ते घेतलं नाही. मात्र या शेगडीत धुराला आधी खाली जाऊन मग वर चढावं लागे. धूर थंड झाला की ओढ कमी पडे. पुढे इतरांनी तिच्यात सुधारणा केल्या.

फ्रँकलिन यांनी विषय सोडला नाही. 1785 साली, वयाच्या 79 व्या वर्षी, फ्रान्सहून जहाजाने परतताना त्यांनी धुरांड्यांवर दीर्घ पत्र लिहिलं. धूर खोलीत येण्याची नऊ कारणं त्यात आहेत. पहिलं कारण म्हणजे घट्ट बंद खोली. जेवढी हवा धुरांड्यातून बाहेर जाते, तेवढी आत आलीच पाहिजे!

त्यांची चाचणीही सोपी होती. विस्तव पेटवून दार लावायचं. धूर खोलीत आला तर दार हळूहळू उघडायचं. धूर थांबेल तेवढी फट मोजायची. आठ फूट उंच दाराला अर्धा इंच फट लागली, तर 48 चौरस इंचांचा झरोका हवा, म्हणजे सहा बाय आठ इंच. तो छताजवळ ठेवावा, म्हणजे थंड झोत थेट अंगावर येत नाही.

1790 साली फिलाडेल्फियात त्यांचं निधन झालं. त्यांचा हा धडा आजही जीव वाचवणारा आहे. अपुऱ्या हवेत जळणातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही. म्हणून थंडीत बंद खोलीत शेगडी पेटती ठेवून कधीही झोपू नये. हा पाठ शिकवताना मुलांना एक प्रश्न जरूर विचारा: आपल्या स्वयंपाकघरात हवा आत कुठून येते?