वैद्यराज सुन सिम्याव

वैद्यकीची गोष्ट निघाली कीं आपणांस चरक, सुश्रुत व वाग्भट आठवतात. चीन देशांत तोच मान सुन सिम्याव यांस मिळाला असून तेथें त्यांना औषधींचा राजा म्हणतात.

त्यांचा जन्म शेन्सी प्रांतांतील ह्वायुआन येथें झाला. लहानपणीं ते सदा आजारी असत आणि त्यांच्या औषधपाण्यांत घरची मिळकत खर्ची पडली. घरांतील आजारपण कुटुंबास कसें खंगविते, हें ज्यानें बालवयांतच पाहिलें त्यानें वैद्य व्हावें यांत नवल काय? पुढें तांग सम्राटांनीं दरबारीं पद देऊं केलें, तें त्यांनीं नाकारलें.

इ. स. ६५२ च्या सुमारास त्यांनीं तीस भागांचा मोठा ग्रंथ रचिला. त्याच्या नांवांत सहस्र सुवर्णाचा उल्लेख आहे, कारण मनुष्याच्या जिवाचें मोल त्यांस त्याहून अधिक वाटे. आरंभीं वैद्याचीं कर्तव्यें सांगून लगेच स्त्रिया व बालकें यांचे रोग घेतले आहेत. श्रीमंत-गरीब, आप्त-वैरी, स्वकीय-परकीय असा भेद वैद्यानें करूं नये, आणि घरांत कोणी वेदनेनें तळमळत असतां तेथील मेजवानीचा आस्वाद घेणें ही लाजिरवाणी गोष्ट होय, असें त्यांचें सांगणें होतें.

उपचारांत आधीं आहार, मग औषध, हा त्यांचा क्रम होता. केवळ सुई टोंचणारा किंवा केवळ काढे देणारा वैद्य ते अपुरा समजत. सुईची जागा ते रोग्याच्याच बोटाच्या मापानें ठरवीत. शिवाय दाबल्यावर रोगी जेथें कळ सांगे, तेथेंहि सुई टोंचीत. रातांधळ्यावर ते यकृत खावयास देत. त्याचें कारण जीवनसत्त्वांचा शोध लागल्यावर जगास कळलें. मात्र हिंगुळासारखीं विषारी द्रव्येंहि त्यांच्या योगांत आहेत, तीं आज कोणीं घेऊं नयेत.

महारोग्यांविषयींची त्यांची नोंद मला सर्वांत थोर वाटते. सहाशेंहून अधिक रोग्यांवर त्यांनीं स्वतः उपचार केले, प्रत्येकाची शुश्रूषा जातीनें केली, आणि त्यांतील दहांत एकच बरा झाला असें स्पष्ट लिहून ठेविलें. अपयशाचा असा आंकडा किती वैद्य लिहितील? या रोगावर अनेक औषधें एकत्र देण्याची खात्रीची पद्धति जागतिक आरोग्य संघटनेनें सुचविली ती १९८१ सालीं.

दक्षिणेकडील वैद्य प्राचीन आचार्य चांग चुंगचिंग यांचे योग गुप्त ठेवीत, याचें त्यांस फार दुःख होई. उतारवयांत तो ग्रंथ हातीं येतांच त्यांनीं आपल्या दुसऱ्या ग्रंथांत तो सर्वांसाठीं खुला केला. आपल्या बुद्धकालीन जीवक वैद्याच्या नांवाचे योग आणि हिंदुस्थानांतील म्हणून सांगितलेली अंगमर्दनाची एक रीतिहि त्यांनीं ग्रंथांत घेतली.

इ. स. ६८२ मध्यें, अतिशय वृद्धावस्थेंत, त्यांचें देहावसान झालें. आपली अंत्यक्रिया साधी करावी, आणि श्राद्धाच्या वेळीं कोणत्याहि पशूचा बळी देऊं नये, असें त्यांनीं मागें सांगून ठेविलें होतें.