कागदावरचे आठ कोअर

नाताळच्या आदल्या संध्याकाळी आमच्या घरात नेवऱ्या तळल्याचा वास असतो. बर्लिनमध्ये काउंट आल्फ्रेड फॉन श्लीफेनच्या हाताखालच्या अधिकाऱ्याकडे त्या संध्याकाळी लखोटा यायचा म्हणे. आत युद्धाचा एक प्रश्न, आणि उत्तर दुसऱ्या संध्याकाळपर्यंत हवं. हे वाचलं तेव्हा मला हा माणूस अजिबात आवडला नाही. तरी वाचत गेले.

जन्म 1833चा, बर्लिनचा. आधी कायदा शिकला, वर्षभरासाठी सैन्यात गेला आणि तिथलाच झाला. 1868 मध्ये नात्यातल्या ॲनाशी लग्न केलं. चार वर्षांत, दुसऱ्या मुलीच्या जन्मानंतर ती वारली. मग उरलं काम.

1891 मध्ये तो जनरल स्टाफचा प्रमुख झाला. एका बाजूला फ्रान्स, दुसऱ्या बाजूला रशिया. त्याचा हिशोब असा, की आधी फ्रान्स संपवायचा. त्यासाठी बेल्जियम-हॉलंडमधून उजवी बगल फिरवत थेट पॅरिसला वळसा घालायचा. पण एवढ्या लांब वळशाला माणसं किती लागणार आणि आहेत किती? फ्रान्स आपल्या पात्र तरुणांतले पाचांतले जवळजवळ चार भरती करी, जर्मनी साधारण निम्मे. युद्धमंत्रालयाला सैन्य फार वाढवायचं नव्हतं. वाढवलं तर खानदानी घराण्यांबाहेरचे अधिकारी आणि समाजवादी कामगार आत येतील, ही भीती!

डिसेंबर 1905 च्या टिपणात श्लीफेनने नकाशावर सैन्य मांडलं आणि ते पुरेना. तेव्हा त्याने युद्ध सुरू झाल्यावर राखीव माणसांतून आठ कोअर नवे उभारायचे, असं लिहिलं. आपण या कामाला कमी पडतो, हेही त्याच टिपणात कबूल केलं. इथे मी थांबलेच. गेल्या वर्षी चर्चमधल्या गोठ्यासाठी मी कामांची यादी केली होती. कामं बारा, माणसं सात. उरलेल्या पाच कामांपुढे मी सरळ ‘इतर’ लिहून टाकलं. त्या ‘इतर’नी काही गवत आणलं नाही.

आणि माणसं मिळाली असती तरी काय? रस्त्यावरून चालणारा एक कोअर सुमारे 30 किलोमीटर लांब असतो. शेपटी निघेपर्यंत डोकं मुक्कामाला पोचायचं. उजव्या बगलेचे रस्ते आधीच भरलेले. हे आठ जण कुठून चालणार होते, याचं पटेल असं उत्तर त्या टिपणात नाही. काही इतिहासकार म्हणतात, ती योजना नव्हतीच, जादा सैन्य मागायचा अर्ज होता. मला ते निम्मंच पटतं. नुसत्या अर्जासाठी कुणी पॅरिसपर्यंत रेघा ओढत नाही.

त्याच वर्षी घोड्याची लाथ बसून तो जायबंदी झाला होता; वर्ष संपताना निवृत्त झाला. पण गणित सुटलं नाही. 1912 मध्येही तो तेच टिपण सुधारत बसला होता. जानेवारी 1913 मध्ये गेला.

ऑगस्ट 1914 मध्ये त्याचा वारस धाकटा मोल्टके याने बेल्जियममधून फौज घातली. त्याने मागितलेले आठ कोअर तसे उभे राहिलेच नव्हते. होते त्यांतलेही काही अँटवर्प आणि मोबेझच्या वेढ्यात अडकले. रशियन प्रशियात घुसले म्हणून आणखी दोन पूर्वेला धाडले. ते पोचले तेव्हा टॅननबर्गची लढाई संपली होती. सप्टेंबरात मार्नवर जर्मनांच्या दोन सैन्यांमध्ये खिंडार पडलं, तेव्हा ते भरायला हाताशी कुणीच नव्हतं.